बेरजेत सुटणारा चक्रीय चौकोन

इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे, म्हणजे चक्रीय चौकोनाचे, क्षेत्रफळ नुसत्या बाजूंवरून काढण्याची रीत त्यात आहे. त्याच्याच नावाने ओळखले जाणारे आणखी एक प्रमेय फार देखणे आहे. चक्रीय चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतील, तर त्यांच्या छेदनबिंदूतून एका बाजूवर टाकलेला लंब मागे वाढवला की तो समोरच्या बाजूला बरोबर मध्यावर गाठतो.

शाळेच्या पद्धतीने हे सिद्ध करता येते. पण कोणता कोन कोणाशी जुळवायचा, हे आधी सुचावे लागते. उणे एकाचे वर्गमूळ सामावून घेणाऱ्या संमिश्र संख्या हाताशी असतील तर सुचण्याची फारशी गरजच उरत नाही.

ऋण संख्येला वर्गमूळ नसते, असे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त स्पष्ट सांगितले होते. उणे एकाच्या वर्गमुळाला कागदावर जागा मिळाली ती १७९७ मध्ये. कास्पर वेसेल या जमीन मोजणाऱ्या नॉर्वेजियन माणसाने कोपनहेगनमध्ये सादर झालेल्या निबंधातून दाखवले, की प्रत्येक संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू. एकदा बिंदूच संख्या झाले, की त्यांची बेरीज-वजाबाकी करता येते.

आता वर्तुळाच्या केंद्राला शून्य मानू आणि शिरोबिंदूंना क्रमाने अ, ब, क, ड म्हणू. अक या कर्णाचा मध्य (अ+क)/२, बड चा मध्य (ब+ड)/२. केंद्रातून जीवेच्या मध्याकडे जाणारी रेषा जीवेला लंब असते आणि इथे कर्णही परस्परांना लंब आहेत. त्यामुळे केंद्र, हे दोन मध्य आणि कर्णांचा छेदनबिंदू मिळून आयत होतो. म्हणजे छेदनबिंदू (अ+ब+क+ड)/२. त्यातून अब चा मध्य (अ+ब)/२ वजा करा. उरते (क+ड)/२, आणि ही तर केंद्रापासून कड च्या मध्यापर्यंतची दिशा! ती कड ला लंबच असणार, म्हणजे अब चा मध्य आणि छेदनबिंदू जोडणारी रेषाही कड ला लंब. सिद्धता संपली.

इथे केवळ बेरीज पुरली. संमिश्र संख्यांची खरी ताकद गुणाकारात आहे: लांबींचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने जीवांचे कोष्टक बनवताना जे प्रमेय वापरले, ते यातूनच निघते. कोणत्याही चार संख्यांसाठी

(अ−ब)(क−ड) + (अ−ड)(ब−क) = (अ−क)(ब−ड)

कंस सोडवून खात्री करून घ्यावी. डावीकडच्या कंसांत चार बाजू आहेत, उजवीकडे दोन कर्ण. दोन संख्यांच्या बेरजेची लांबी त्यांच्या लांबींच्या बेरजेहून मोठी होऊ शकत नाही. म्हणून कुठल्याही चौकोनात कर्णांचा गुणाकार हा संमुख बाजूंच्या गुणाकारांच्या बेरजेइतका किंवा त्याहून कमी असतो. डावीकडचे दोन्ही गुणाकार एकाच दिशेचे असतील तेव्हाच बरोबरी साधते. आणि त्यासाठी संमुख कोनांची बेरीज १८० अंश व्हावी लागते. दहावीत पाठ केलेली चक्रीय चौकोनाची खूण ती हीच.

अकरावीला संमिश्र संख्या शिकवणाऱ्या शिक्षकांनी एक तास या दोन प्रमेयांसाठी जरूर राखून ठेवावा. लागणारे सगळे साहित्य विद्यार्थ्यांकडे आधीपासूनच असते.