पोट भरलं म्हणजे बाळाचा मेंदू पोसला, असं नाही

‘बाळ आपल्याला हवं ते आईच्या अंगातून ओढून घेतंच,’ असं घरोघरी ऐकू येतं. ते अगदीच खोटं नाही. कॅल्शियम कमी पडलं, तर आईच्या हाडांमधलं बाळाला जातं. अन्न तुटपुंजं झालं की गर्भ रक्ताचा ओघ आधी मेंदूकडे वळवतो. पण आईच्या अंगातच जे नाही, ते बाळ कुठून ओढणार? पहिले तीन-चार महिने गर्भाची थायरॉइड ग्रंथी पुरेशी कामाला लागलेली नसते, त्यामुळे त्याचा मेंदू आईच्या थायरॉइड संप्रेरकावरच घडतो. आईला आयोडीनची तीव्र कमतरता असेल, तर मुलाला कायमचं बौद्धिक अपंगत्व येऊ शकतं. आयोडीनयुक्त मीठ महत्त्वाचं आहे ते यासाठी.

‘दोन वेळा पोटभर जेवते, मग कुपोषण कसलं?’ याचं उत्तर आपल्या पुण्याजवळच मिळालं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या शेतकरी घरांतल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. अभ्यासातली काही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. ज्यांच्या आईचं बी-१२ फार कमी होतं, ती मुलं लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यात मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. बी-१२ भाकरी-भाजीतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. घरात दूध असूनही ते डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला कोरा चहा येतो, तिथे हा प्रश्न तिच्या अज्ञानाचा नाही. घरातल्या वाटपाचा आहे.

‘दिवस गेल्याचं कळलं की खाण्याकडे बघू’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पेशींची एक चपटी पट्टी वर उचलली जाते, करंजीच्या कडा जुळाव्यात तशा तिच्या कडा जुळतात आणि नळी तयार होते. मेंदू आणि मज्जारज्जू याच नळीतून घडतात. साधारण २८व्या दिवशी ती पूर्ण मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती मिटली नाही, तर मणक्यात किंवा कवटीत गंभीर व्यंग राहतं. फॉलिक अ‍ॅसिड हा धोका बराच कमी करतं, पण गोळी सुरू व्हायला हवी ती मूल हवं असं ठरवताच.

‘बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल’ म्हणून सातव्या महिन्यापासून ताटातलं कमी करायला सांगतात. याच शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो, त्यावर वळ्या पडतात. आपल्याकडची अडचण बाळ फार मोठं होण्याची नाही. पुण्याच्या त्या गावांत जन्मवजन सरासरी पावणेतीन किलोच्याही आत होतं. दोघांचं जेवण जेवायची गरज नाही, दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त पुरतात: एक भाकरी आणि वाटीभर उसळ.

सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या लाल गोळीने बाळ काळं होत नाही. शौच काळी होते, एवढंच. लोह बाळाच्या मेंदूलाही लागतं. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये. लोह नीट शोषलं जात नाही.

आणि उलट टोकाचा समज: ‘एकदा उपासमार झाली की मूल मंदच निघणार.’ १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीत पश्चिम नेदरलँड्समधलं शिधावाटप दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या काळात गर्भात असलेल्या मुलग्यांची एकोणिसाव्या वर्षी लष्करभरतीत बुद्धिमत्ता चाचणी झाली, तेव्हा ते इतरांहून कमी आढळले नाहीत. मात्र उपासमार तीव्र असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात मज्जासंस्थेची जन्मजात व्यंगं वाढली होती आणि पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. म्हणजे हानी खरी, पण ती कोणत्या आठवड्यात पोचली यावर बरंच ठरतं. शिवाय मे १९४५ नंतर त्या मुलांना पुन्हा पुरेसं अन्न मिळालं होतं. म्हणून सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसली, तर हताश होऊ नका. डॉक्टरांना कारण विचारा, तपासण्या चुकवू नका आणि घरातलं दूध-अंडं आधी गर्भवतीच्या ताटात वाढा.