वारा आपल्या हातात नाही, पवनचक्की आहे

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

ठोसेघरचा धबधबा बघून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसोबत रील काढली नाही, असा सातारकर शोधून दाखवा! मी सांगलीचा, आमच्याकडे ढालगावचा माळ आहे. गेल्या पावसाळ्यात चाळकेवाडीला मित्राने विचारलं, "वारा सारखा कमी-जास्त होतो, मग घरातला बल्ब का लुकलुकत नाही?" मी सॉफ्टवेअरवाला, पण मलाही पटकन सांगता येईना.

उत्तर एका आकड्यात आहे: ५० हर्ट्झ. ही आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी. उसाने भरलेला ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिनचा आवाज उतरतो ना? तसंच. विजेची मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली की फ्रिक्वेन्सी खाली येते. फार खाली आली तर ग्रिड वाचवायला काही भागांची वीज आपोआप तोडली जाते.

कोयनेसारख्या प्रकल्पात अवजड जनित्रं थेट ग्रिडच्या तालावर फिरतात. धक्का बसला तरी त्यांचं वजन वेग लगेच पडू देत नाही. आधुनिक पवनचक्कीत मात्र पाती आणि ग्रिड यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं. पात्यांचं वजन आपोआप कामाला येत नाही, ते कोड लिहून आणावं लागतं.

त्याचे दोन मार्ग. एक, फिरत्या पात्यांतली ऊर्जा काही सेकंद उसनी घ्यायची. पण पाती मंदावतात, उसनं फेडावंच लागतं. दुसरा, पात्यांचा कोन थोडा वळवून मुद्दाम कमी वीज बनवायची आणि उरलेली ताकद राखून ठेवायची. यात मालकाचं रोजचं उत्पन्न बुडतं, म्हणून त्याचा मोबदला कुणी द्यायचा हे आधी ठरावं लागतं.

समुद्रातल्या पवनचक्क्यांना हे जास्त लागू, कारण शेकडो मेगावॅट मोजक्या केबलमधून किनाऱ्यावर येतात. ९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये एका वाहिनीवर वीज पडली. तसं नेहमीचंच. पण हॉर्नसी या समुद्री प्रकल्पाची कंट्रोल सिस्टीम दाबातला बदल सावरू शकली नाही आणि क्षणात ७३७ मेगावॅट गायब! त्याच वेळी एक गॅस प्रकल्पही बंद पडला. फ्रिक्वेन्सी ४८.८ वर गेली, दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात, रेल्वे ठप्प. वारा होता, पवनचक्क्याही धड होत्या. चुकलं ते कंट्रोल. नंतर सॉफ्टवेअर बदललं.

आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्राने १००० मेगावॅट समुद्री पवनऊर्जेची योजना मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडू प्रत्येकी ५००. महाराष्ट्राचं नाव त्यात नाही. मग आपला काय संबंध?

आहे. साताऱ्या-सांगलीतल्या बऱ्याच पवनचक्क्या जुन्या झाल्यात. जुनी साधी मशीन दाब घसरला की ग्रिड सोडून देतात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच! त्या जागी नवी येतील तेव्हा "किती मेगावॅट?" एवढंच विचारून थांबू नका. "ग्रिडला धक्का बसला तर ही टिकणार का, आणि हात देणार का?" हेही विचारा.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बल्ब लुकलुकत नाही, कारण कुणीतरी सतत सांभाळतंय." अगदी तेच! भेटू पुढच्या एपिसोडला.