शोधनिबंधाची अंतिम प्रत

शोधनिबंधाची अंतिम प्रत म्हणजे परिषदेने स्वीकारलेल्या शोधनिबंधाचे, समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेले आणि परिषदेच्या कार्यवृत्तात जसेच्या तसे छापण्यायोग्य असे रूप होय. तिला ‘कॅमेरा-रेडी’ प्रत असेही म्हणतात. नियतकालिकात निबंधाची मांडणी व मुद्रितशोधन यांत प्रकाशकाचा मोठा वाटा असतो. परिषदेच्या कार्यवृत्तात मात्र हे काम बहुतांशी लेखकालाच करावे लागते. त्यामुळे या प्रतीत राहिलेली चूक बहुधा तशीच प्रसिद्ध होते.

नावाची व्युत्पत्ती

ऑफसेट मुद्रणात तयार पानाचे छायाचित्र घेऊन त्यावरून छपाईची पट्टी तयार केली जात असे. कॅमेऱ्यासमोर ठेवण्यास योग्य असे पान ते कॅमेरा-रेडी पान. आता लेखक पीडीएफ धारिका पाठवतात, तरी जुने नाव रूढ राहिले आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

परिषदेत वाचलेले निबंध ग्रंथरूपाने जतन करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेथील कामकाज व निबंध पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. भारतीय इतिहास परिषदेची सुरुवातही १९३५ साली पुण्यातच झाली असून तिच्या अधिवेशनांची कार्यवृत्ते अभ्यासकांचे नित्याचे संदर्भसाधन आहेत. २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कार्यक्षेत्रात आली. अशा भागातील गावे, खाणी, जंगल व बोली यांविषयीचा एखादा निबंध हीच त्या विषयाची एकमेव छापील नोंद असू शकते. म्हणून तेथील अभ्यासकासाठी अंतिम प्रतीची अचूकता विशेष महत्त्वाची ठरते.

समीक्षणानंतरच्या दुरुस्त्या

स्वीकृतीपत्रासोबत समीक्षकांचे अभिप्राय येतात. प्रत्येक अभिप्रायासमोर केलेली दुरुस्ती आणि तिचा पृष्ठक्रमांक लिहून तक्ता करणे सोयीचे असते. न पटलेल्या सूचनेचे कारण थोडक्यात नोंदवले जाते. या टप्प्यावर भाषा, स्पष्टीकरण व संदर्भ सुधारता येतात. मात्र नवे निष्कर्ष घालणे किंवा शीर्षक व लेखकांची यादी परस्पर बदलणे योग्य समजले जात नाही, कारण समीक्षकांनी तपासलेला निबंध आणि छापला जाणारा निबंध एकच असला पाहिजे. समीक्षण निनावी असल्यास आधी वगळलेली लेखकांची नावे, संस्था, ऋणनिर्देश व अर्थसाहाय्याचा उल्लेख आता पुन्हा घालावा लागतो.

मांडणी

परिषद ठरावीक साचा देते. आयईईईच्या परिषदांचा साचा दोन स्तंभांचा असतो, तर स्प्रिंगरच्या संगणकशास्त्रविषयक व्याख्यानमालेचा एका स्तंभाचा. पृष्ठमर्यादा ओलांडू नये म्हणून समास किंवा अक्षरांचा आकार कमी केल्यास निबंध परत येऊ शकतो. अशा वेळी मजकूरच आटोपशीर करावा लागतो. पृष्ठक्रमांक संपादक घालत असल्याने लेखकाने ते सहसा घालायचे नसतात. पीडीएफमध्ये वापरलेले सर्व फॉन्ट अंतर्भूत असणे आवश्यक असते.

आकृती, नकाशे व आकडे

चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी येथील कोळसा खाणींवरचा निबंध हे या बाबतीत बोलके उदाहरण ठरते. माजरी वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रात येते व तेथे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या खाणी आहेत. अशा निबंधात पुढील बाबी तपासाव्या लागतात.

• नकाशावर केवळ अंकी प्रमाण लिहिल्यास, स्तंभात बसवण्यासाठी नकाशा लहान करताच ते प्रमाण चुकीचे ठरते. रेषेच्या रूपातील प्रमाणपट्टी नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून ती अधिक विश्वसनीय असते.
• छायाचित्रांसाठी साधारणपणे प्रतिइंच ३०० बिंदू इतकी स्पष्टता अपेक्षित असते. त्यानुसार सुमारे ८.८ सेंटीमीटर रुंदीच्या स्तंभातील चित्र किमान १,०४० बिंदू रुंद हवे.
• कोळसा उत्पादनाचे आकडे एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे असतात, तर पावसाचे आकडे अनेकदा कॅलेंडर वर्षाचे असतात. एकाच तक्त्यात ते आल्यास हा फरक स्पष्ट लिहावा लागतो.
• आलेखातील रेषा केवळ रंगांनी वेगळ्या दाखवल्यास कृष्णधवल छपाईत त्या ओळखता येत नाहीत. तुटक व ठिपक्यांच्या रेषा वापरल्यास ही अडचण टळते.

स्थलनामे व लेखकांची नावे

रोमन लिपीत लिहिताना चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी आणि पुण्याजवळील मांजरी यांत गोंधळ होऊ शकतो. पहिले गाव कोळसा खाणींचे व रेल्वे जंक्शनचे, तर दुसऱ्या ठिकाणी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. म्हणून पहिल्या उल्लेखातच तालुका, जिल्हा व शक्य असल्यास अक्षांश-रेखांश देणे योग्य असते. लेखकाचे नावही प्रत्येक निबंधात एकाच प्रकारे लिहिले जावे. कधी वडिलांच्या नावासह, कधी केवळ आद्याक्षराने लिहिलेली नावे संगणकीय सूचीत दोन वेगळ्या व्यक्तींची समजली जातात. ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक हा घोळ टाळण्यास मदत करतो.

देवनागरी मजकूर

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मराठी मजकूर छापील पानावर नीट दिसतो, परंतु संगणकीय शोधात सापडत नाही. त्यामुळे तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा वाचणे आवश्यक असते. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र विशेषतः बिघडतात. पीडीएफमधील एखादा परिच्छेद निवडून दुसऱ्या धारिकेत चिकटवल्यास मजकूर शाबूत आहे की नाही हे लगेच कळते.

संदर्भ, हक्क व वाङ्मयचौर्य

मजकुरातील प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात असावी लागते. इतरांची आकृती किंवा नकाशा वापरल्यास हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. अनेक प्रकाशक हक्क हस्तांतरणाचा अर्ज सही करून मागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत मजकुरातील साधर्म्याच्या प्रमाणानुसार वाङ्मयचौर्याचे स्तर ठरवलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य किरकोळ मानले जाते व त्यावर दंड नाही.

प्रकाशनानंतर

प्रसिद्धीनंतर मूळ निबंध शांतपणे बदलता येत नाही. गंभीर चूक आढळल्यास स्वतंत्र शुद्धिपत्र प्रसिद्ध करावे लागते आणि ते मूळ निबंधाच्या प्रत्येक वाचकापर्यंत पोहोचतेच असे नाही. त्यामुळे धारिका पाठवण्यापूर्वी सर्व सहलेखकांनी ती कागदावर छापून एकदा संपूर्ण वाचावी आणि तिची दिनांकासह एक प्रत जपून ठेवावी, ही पद्धत उपयुक्त मानली जाते.