परकोटातली अमरावती

भातकुली तालुक्यातल्या खोलापूरचं नाव अमरावतीच्या एका वेशीला आहे: खोलापुरी गेट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून सावकार-व्यापाऱ्यांच्या पेठा राखायला शहराभोवती दगडी परकोट उभा राहिला. त्याला अंबा, नागपुरी, महाजनपुरी यांसारखे मोठे दरवाजे आणि ये-जा करण्यापुरत्या छोट्या खिडक्या ठेवल्या. भुसारी दरवाजा आज जवाहर गेट म्हणून ओळखला जातो. पुढे कापसाच्या व्यापाराने शहर कोटाबाहेर पसरलं. आता भिंतीला घरं-दुकानं खेटलीत, कमानींखालून ऑटो, दुचाक्या धावतात. वाढत्या शहराला रस्ते हवेतच. पण निखळलेला दगड वेळीच बसवणं, भिंतीवर उगवलेला पिंपळ काढणं आणि उरलेला परकोट जपणं ही आपली जबाबदारी आहे.