कॅथलिक चर्च व निर्वासितांचे पुनर्वसन (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

निर्वासितांना देशात प्रवेश मिळावा, घटक राज्यांत त्यांची वस्ती व्हावी आणि त्यांच्या साहाय्यावर अन्याय्य निर्बंध येऊ नयेत, यांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅथलिक चर्चने संघशासन, राज्यांची विधिमंडळे व न्यायालये यांच्यापुढे केलेला पाठपुरावा आणि त्याच्या जोडीने चालविलेले प्रत्यक्ष पुनर्वसनकार्य. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व वा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेली व त्यामुळे स्वदेशाबाहेर राहणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित, ही संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या करारातील व्याख्या अमेरिकेने १९८० च्या निर्वासित अधिनियमात मुख्यत्वे स्वीकारली. परवान्यावाचून राहणारे स्थलांतरित हा कायद्याच्या दृष्टीने वेगळा वर्ग होय. तथापि राज्यांच्या विधिमंडळांतील वादांत हे दोन्ही वर्ग पुष्कळदा एकत्र गणले जातात आणि चर्चची भूमिकाही दोहोंना स्पर्श करते.

तात्त्विक अधिष्ठान : हेरॉद राजाच्या भयाने मरिया व योसेफ यांनी बाल येशूसह ईजिप्तमध्ये आश्रय घेतला, ही कथा तसेच परक्याला आसरा देणे म्हणजे ख्रिस्तालाच आसरा देणे होय, हा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील विचार या कार्याच्या मुळाशी आहे. पोप बारावा पायस याने १९५२ मध्ये काढलेल्या धर्मादेशात नाझरेथच्या या कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श मानले. पोप तेविसावा जॉन याने १९६३ च्या आपल्या परिपत्रात स्थलांतराचा अंतर्भाव मानवी हक्कांत केला. अमेरिका व मेक्सिको यांच्या बिशपांनी २००३ मध्ये संयुक्तपणे काढलेल्या पत्रात पाच तत्त्वे सांगितली आहेत : माणसाला स्वदेशातच उपजीविका मिळण्याचा हक्क आहे, ती न मिळाल्यास स्थलांतराचा हक्क आहे, सार्वभौम राष्ट्रांना आपल्या सीमांचे नियंत्रण करण्याचा हक्क आहे, निर्वासितांना संरक्षण मिळाले पाहिजे, आणि परवाना नसलेल्या स्थलांतरितांचीही मानवी प्रतिष्ठा जपली पाहिजे. यांतील तिसरे तत्त्व महत्त्वाचे आहे. चर्च सीमा मोकळ्या करण्याची मागणी करते, हा समज त्यामुळे बरोबर ठरत नाही.

ऐतिहासिक आढावा : बिशपांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२० मध्ये स्थलांतरितांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. तेव्हाच्या कॅथलिक समाजात आयरिश, इटालियन, पोलिश इ. स्थलांतरितांचा भरणा मोठा होता व त्यांच्याविषयी प्रॉटेस्टंट बहुसंख्याकांत तीव्र पूर्वग्रह होते. म्हणजे प्रारंभी हे कार्य बव्हंशी स्वधर्मीयांसाठी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ च्या विस्थापितविषयक अधिनियमाखाली सु. चार लाख यूरोपीय विस्थापित अमेरिकेत आले. प्रत्येकाच्या निवासाची व कामाची आगाऊ हमी या अधिनियमाने मागितली होती. ती देण्याचे काम मुख्यतः धार्मिक संस्थांनी केले व शासन आणि चर्च यांच्या भागीदारीचा पाया तेव्हा घातला गेला. पुढे १९६०–६२ या काळात मायामीच्या कॅथलिक कल्याण कार्यालयाने क्यूबातून आईवडिलांवाचून आलेल्या चौदा हजारांहून अधिक मुलांच्या प्रवेशाची व संगोपनाची व्यवस्था केली. १९७५ मध्ये सायगावच्या पाडावानंतर व्हिएटनाम, कंबोडिया व लाओस येथील निर्वासित येऊ लागले. त्यांत बौद्धांची संख्या मोठी होती, तर नंतरच्या दशकांत मुस्लिम निर्वासितही बरेच आले. अशा रीतीने या कार्याची स्वधर्मीयांपुरती असलेली मर्यादा गळून पडली.

पुनर्वसनाची यंत्रणा : निर्वासित अधिनियम राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने १७ मार्च १९८० रोजी संमत झाला. त्यानुसार वर्षाकाठी किती निर्वासित घ्यावयाचे, हे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसशी विचारविनिमय करून ठरवितात. निवड व सुरक्षाविषयक चौकशी संघशासन करते. त्यानंतर निर्वासितांची वाटणी राष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांमध्ये होते. कॅथलिक बिशप परिषद ही २०२५ पर्यंत त्यांतील एक प्रमुख संस्था होती. परिषद हे काम धर्मप्रांतांच्या स्थानिक सेवासंस्थांकडे सोपवी. विमानतळावर उतरवून घेणे, घर व सामानसुमान पाहणे, मुलांना शाळेत घालणे, वैद्यकीय तपासणी, इंग्रजीचे वर्ग व नोकरी यांची व्यवस्था प्रामुख्याने पहिल्या नव्वद दिवसांत करावयाची असते. त्यापुढील रोख व वैद्यकीय साहाय्य सामान्यतः राज्यशासनामार्फत दिले जाते व त्याची भरपाई संघशासन करते. राज्याने अंग काढून घेतल्यास स्वयंसेवी संस्थेमार्फत कार्यक्रम चालविण्याची सोय आहे. निर्वासित कोठे ठेवावेत याबाबत राज्यांचा सल्ला घेतला पाहिजे, असे अधिनियमात म्हटले आहे. मात्र त्यांना नकाराधिकार दिलेला नाही. राज्ये व संघशासन यांमधील पुढील बहुतेक तंटे या तरतुदीभोवती फिरतात.

राज्य विधिमंडळांतील कार्य : अनेक राज्यांत तेथील बिशपांची ‘कॅथलिक परिषद’ असते. राज्याच्या राजधानीत कार्यालय ठेवून विधेयकांचा अभ्यास करणे, समित्यांपुढे साक्ष देणे, आमदारांना भेटणे व धर्मग्रामांतील लोकांना विधेयकाची माहिती देणे, ही तिची कामे होत. करमाफी असलेल्या धार्मिक संस्थेला निवडणुकीत कोणाही उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही; विधेयकांसंबंधी मात्र मर्यादित प्रमाणात मतप्रचार करता येतो. त्यामुळे चर्चचे कार्य पक्षांऐवजी विशिष्ट विधेयकांवर केंद्रित झालेले दिसते. गर्भपातासारख्या प्रश्नावर जे रिपब्लिकन आमदार चर्चचे मित्र असतात, तेच निर्वासितांच्या प्रश्नावर अनेकदा विरोधक ठरतात. हे द्वंद्व बहुतेक राज्य परिषदांना अनुभवावे लागते.

ॲलाबॅमा राज्याने २०११ मध्ये परवाना नसलेल्यांना आश्रय देणे व त्यांची वाहतूक करणे गुन्हा ठरविला. ख्रिस्ती सेवाकार्यच गुन्हा ठरेल, या कारणाने कॅथलिक, एपिस्कोपल व मेथडिस्ट बिशपांनी मिळून दावा लावला. तो काढून टाकण्यात आला; तथापि संघशासनाच्या स्वतंत्र दाव्यात ही तरतूद न्यायालयाने स्थगित केली. फ्लॉरिडात २०२३ मध्ये अशाच विधेयकास बिशपांनी विरोध केला. विधेयक संमत झाले. मात्र राज्यांतर्गत वाहतुकीस लागू होणारी मूळ तरतूद आकुंचित होऊन राज्याबाहेरून आत आणण्यापुरती राहिली. विधेयक सर्वस्वी रोखण्यापेक्षा त्यातील कठोर भाग वगळून घेणे, हे अशा पाठपुराव्याचे नेहमीचे फलित होय.

निर्वासितविषयक तंटे : पॅरिस येथील १३ नोव्हेंबर २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर निम्म्याहून अधिक राज्यांच्या गव्हर्नरांनी सिरियन निर्वासितांना विरोध दर्शविला. इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी सिरियन निर्वासितांच्या साहाय्याची रक्कम थांबविली आणि इंडियानापोलिसचे आर्चबिशप जोझेफ टोबिन यांना एका सिरियन कुटुंबाचे आगमन थांबविण्याची विनंती केली. टोबिन यांनी गव्हर्नरांची भेट घेऊन त्यांचे म्हणणे ऐकले व डिसेंबर २०१५ मध्ये त्या कुटुंबाचे स्वागत केले. दुसऱ्या एका पुनर्वसन संस्थेने लावलेल्या दाव्यात न्यायालयाने गव्हर्नरांचा आदेश स्थगित केला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. केवळ राष्ट्रीयत्वावरून साहाय्य नाकारणे हा बेकायदा भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले.

टेनेसी राज्य २००८ पासून कार्यक्रमातून बाहेर पडले आणि तो तेथील कॅथलिक सेवासंस्थेकडे आला. राज्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर खर्च लादला जातो, या मुद्द्यावर तेथील विधिमंडळाने २०१७ मध्ये संघशासनावर दावा लावला. राज्याच्या महान्यायवादीने तो चालविण्यास नकार दिल्याने विधिमंडळाला बाहेरच्या विधिसंस्थेचे साहाय्य घ्यावे लागले. असा दावा लावण्याचा अधिकार विधिमंडळास नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. टेक्सस राज्यही जानेवारी २०१७ अखेर कार्यक्रमातून बाहेर पडले.

राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रंप यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने राज्य व स्थानिक शासन यांची लेखी संमती असल्यावाचून पुनर्वसन करू नये, असे ठरविले. यामुळे वादाचे केंद्र वॉशिंग्टनकडून राज्यांच्या राजधान्यांकडे व परगण्यांच्या मंडळांकडे सरकले. बिशपांनी व इतर धर्मसंस्थांनी संमतीसाठी प्रयत्न केले. चाळीसहून अधिक गव्हर्नरांनी संमती दिली व त्यांत रिपब्लिकन गव्हर्नरही बरेच होते. टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी १० जानेवारी २०२० रोजी नकार दिला. असा नकार देणारे ते पहिलेच राज्य होय. ॲबट स्वतः कॅथलिक असूनही राज्यातील बिशपांनी त्यांच्या निर्णयाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्यू व प्रॉटेस्टंट पुनर्वसन संस्थांच्या दाव्यात न्यायालयाने त्याच महिन्यात हा आदेश स्थगित केला व २०२१ मध्ये नव्या प्रशासनाने तो रद्द केला.

आक्षेप व मर्यादा : निर्वासितांमुळे शाळा, रुग्णालये व घरे यांवर पडणारा भार स्थानिक करदात्यांना सोसावा लागतो, पण निर्णयात त्यांचा वाटा नसतो, हा राज्यांचा मुख्य आक्षेप आहे. चौकशीतील त्रुटींमुळे सुरक्षितता धोक्यात येईल, ही भीतीही व्यक्त केली जाते. चर्चला या कामासाठी शासकीय निधी मिळत असल्याने त्याचा पाठपुरावा निःस्वार्थ नाही, असे काही टीकाकार म्हणतात व त्यांत कॅथलिकही आहेत. निधी खर्चाला पुरत नाही आणि उरलेला भार देणग्या व स्वयंसेवकांच्या श्रमांतून उचलला जातो, असे उत्तर बिशप परिषदेने दिले आहे.

शासकीय निधीवरील हे अवलंबित्व २०२५ मध्ये प्रकर्षाने दिसून आले. ट्रंप यांच्या दुसऱ्या कारकीर्दीच्या आरंभीच, जानेवारी २०२५ मध्ये, निर्वासितांचा प्रवेश स्थगित झाला व पुनर्वसन संस्थांचा निधी रोखला गेला. त्या वेळी साडेसहा हजारांहून अधिक नवागत निर्वासित बिशप परिषदेच्या देखरेखीखाली होते. परिषदेने फेब्रुवारीत दावा लावला. परंतु हा कराराच्या रकमेचा प्रश्न असून तो वेगळ्या न्यायालयाचा विषय आहे, या कारणाने तिची तातडीच्या मनाईची मागणी मार्चमध्ये नाकारण्यात आली. ७ एप्रिल २०२५ रोजी परिषदेने शासनाबरोबरच्या या करारांचे नूतनीकरण न करण्याचा निर्णय जाहीर केला आणि कित्येक दशकांची भागीदारी संपुष्टात आली. २०२४ च्या आर्थिक वर्षात सु. एक लाख निर्वासित देशात आले होते. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी कमाल मर्यादा ७,५०० ठरविण्यात आली.

मूल्यमापन : राज्यांचे निर्बंध मुख्यतः न्यायालयांनी दूर केले व तेही संघशासनाचा अधिकार श्रेष्ठ आहे या तत्त्वावर. त्यामुळे जोवर संघशासन पुनर्वसनास अनुकूल होते, तोवर हे तत्त्व चर्चच्या उपयोगी पडले. संघशासनानेच द्वार बंद केल्यावर त्याचा आधार उरला नाही. या पाठपुराव्याचे अधिक टिकाऊ फळ स्थानिक पातळीवर दिसते. ज्या गावांत धर्मग्रामांनी निर्वासित कुटुंबांचे प्रत्यक्ष दायित्व घेतले, तेथे निर्वासित ही अपरिचित व भीतिदायक कल्पना न राहता शेजारी झाला. २०१९ मध्ये अनेक राज्यांनी सक्ती नसताना दिलेल्या संमतीमागे हा अनुभवही होता. शासकीय निधीवाचून हे कार्य किती प्रमाणात चालू शकेल, हा २०२५ नंतर चर्चपुढील मुख्य प्रश्न ठरला.