जरा दमानं घ्या!

आमच्या कोल्हापुरात कुणी घाई केली, आवाज चढवला, की समोरचा हमखास म्हणतो, "जरा दमानं घ्या की!" दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धीरही. हा सल्ला आपण उठता-बसता दुसऱ्याला देतो. स्वतः मात्र घेत नाही. निदान मी तरी घेतला नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि आमच्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात कमरेइतके पाणी शिरले. माणसे सुखरूप राहिली, सामानही हळूहळू पुन्हा जमले. पण माझी झोप उडाली ती उडालीच. पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजली, की छाती धडधडू लागे आणि मी घरात कुणावर तरी खेकसे. एकदा धाकटी लेक आईला हळूच सांगताना ऐकले, "आई, सायकलचं आज बाबांना विचारू नको. पाऊस पडतोय." ते वाक्य जिव्हारी लागले.

डॉक्टरांनी तपासले. हृदय ठणठणीत निघाले. "श्वास सावकाश घ्यायला शिका," ते म्हणाले. शिकवले मात्र पेठेतल्या एका वृद्ध वस्तादांनी. तालमीच्या कट्ट्यावर माझा भाता पाहून ते हसले. "मास्तर, आत घ्यायची घाई करू नगा. आदी समदा बाहेर सोडा. आत येनारा आपसूक येतोय."

वस्तादांच्या या बोलण्याला शास्त्राचाही आधार आहे. हृदयाचे ठोके आपल्या हुकमात नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण सांगू तसाही. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांबवला, की शरीराला स्वस्थतेचा निरोप पोहोचतो.

आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला आरंभ केला. पुढे २००१ मध्ये इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहांवर आला! एरवी तो बारा ते वीस असतो. देव कुणाचाही असो, दम एकच!

कृती अगदी सोपी. ताठ पण सैल बसा. एक हात पोटावर ठेवा. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. कोंडून धरू नका. मन भटकले, तर न रागावता पुन्हा श्वासावर आणा. अशी पाच मिनिटे पुरेत. चक्कर आली, तर थांबा. छातीत दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टर गाठा आणि चालू गोळ्या आपल्या मनाने सोडू नका.

दिवाळीत याची गरज अधिकच. चकली तेलात विरघळते, पाहुणे न सांगता येतात, बोनस येण्याआधीच वाटला जातो! अशा वेळी बोलण्यापूर्वी तीन श्वास सावकाश सोडून पाहा.

माझी धडधड एका दिवसात गेली नाही. अजूनही अधूनमधून येते. पण पुढे एका आषाढात बाहेर धो धो सर कोसळत असताना लेक माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, सायकलचं विचारू?"