इन्शुलिन पंप वापरताना रक्तशर्करा घसरू नये म्हणून

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि रुग्णाला आयुष्यभर बाहेरून इन्शुलिन घ्यावे लागते. त्यासाठी वारंवार इंजेक्शन घेण्याऐवजी काही रुग्ण आता इन्शुलिन पंप वापरतात. हे छोटेसे यंत्र त्वचेखाली अल्प प्रमाणात सतत इन्शुलिन सोडत राहते. ही मोठीच सोय आहे. परंतु पंप बसवला म्हणजे काळजी मिटली, हा समज घातक ठरू शकतो.

पंपाद्वारे इन्शुलिन दोन प्रकारे मिळते. एक अहोरात्र चालणारी संथ मात्रा, तिला ‘बेसल’ म्हणतात; दुसरी जेवणाच्या वेळी द्यावयाची मोठी मात्रा, ती ‘बोलस’. एकदा शरीरात गेलेले इन्शुलिन परत काढून घेता येत नाही. त्याचा परिणाम काही तास टिकतो. त्या काळात अन्न कमी पडले किंवा श्रम अधिक झाले, तर रक्तातील साखर खाली येते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास त्वरित उपाय करावा. ५४ च्या खालची पातळी गंभीर होय. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड व गोंधळ ही तिची लक्षणे आहेत. मात्र मधुमेह बरीच वर्षे जुना असल्यास ही लक्षणे जाणवेनाशी होऊ शकतात.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. लग्नसमारंभात जेवणाची वेळ अनिश्चित असते. तेथे जेवण येईल या भरवशावर आधीच बोलस घेऊ नये. साखर वाढलेली दिसताच मात्रेवर मात्रा घेऊ नये. आधीच्या मात्रेपैकी किती इन्शुलिन अद्याप कार्यरत आहे, हे पंपावर पाहावे. खेळ किंवा कष्टाचे काम करावयाचे असल्यास तास-दीड तास आधी बेसल किती कमी करावे, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत राहू शकतो, म्हणून निजण्यापूर्वी साखर तपासावी. मद्यपानानंतरही अनेक तासांनी साखर घसरू शकते.

साखर घसरताच इन्शुलिन थांबवणाऱ्या पंपाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. त्यानंतर घसरणीचा आधीच अंदाज घेणारे पंपही आले. तरीही पंप थांबला म्हणून अगोदर दिलेले इन्शुलिन थांबत नाही. शिवाय सेन्सर रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो. त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. लक्षणे व आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर बोटातील रक्त तपासावे.

साखर घसरल्यास साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते, म्हणून अशा वेळी ते उपयोगाचे नाहीत. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, पंप थांबवावा, जवळ ग्लुकॅगॉन असल्यास द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. यासाठी घरातील प्रत्येकाला पंप थांबवता आला पाहिजे.

आता आपल्या भाविकांच्या मनातील एक संकोच. मिस्सा चालू असताना साखर घसरू लागली, तरी ‘आता काही खाल्ले तर ख्रिस्तप्रसाद घेता येणार नाही’ या भीतीने कुणी गप्प बसून राहू शकतो. असे मुळीच करू नये. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ९१९ व्या कलमानुसार पाणी व औषध यांनी ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास मोडत नाही. आजारी, वृद्ध व त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासात काही खाल्ले असले, तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दिवशीही प्रकृतीला अपाय होईल असा उपवास करण्याचे बंधन रुग्णावर नाही. त्याऐवजी प्रार्थना वा दानधर्म करता येतो.

तेव्हा ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा आणि गरज पडताच, देवळात बसला असाल तरी, निःसंकोचपणे घ्या. शेजारी बसलेल्यांनीही त्याकडे नवलाने न पाहता पाण्याचा पेला पुढे करावा.